डोंगळ्याचं आम्ल

मुखेड तालुक्यातल्या कुठल्याही आखाड्यावर दोन मुंग्या हमखास भेटतात. एक मोठा काळा डोंगळा, ज्याला बरेच जण मुंगळाही म्हणतात. तो गुळाच्या ढेपेवर चढलेला असतो, बाभळीच्या बुंध्यावरून रांगेने वर-खाली करत असतो. दुसरी बारकी लाल मुंगी. ती जमिनीत बीळ करते, खळ्यावरचा दाणा पळवते आणि अनवाणी पाय बिळावर पडला की दहा-वीसजणींनी मिळून डसते. डोंगळा चावला तर चिमटा बसतो. ओढून काढायला गेलं तर धड हातात येतं आणि डोकं कातडीला लटकून राहतं. लाल मुंगीचा मात्र चटका बसतो आणि खाज पुढे बराच वेळ पिच्छा सोडत नाही. फॉर्मिक आम्ल या दोघांपैकी कुणाकडे, असं शाळा शिकलेल्या माणसाला विचारलं तर तो चटक्यावरून अंदाज बांधतो आणि लाल मुंगीचं नाव घेतो. प्रत्यक्षात आम्ल डोंगळ्याकडे असतं. लाल मुंगीच्या नांगीतलं विष मुख्यत्वे अल्कलॉइड जातीच्या तेलकट द्रव्यांचं असतं आणि त्यात फॉर्मिक आम्लाचा वाटा नसतो.

फॉर्मिक आम्लाची ओळख करून देणाऱ्या पुस्तकाची सुरुवात या गल्लतीपासून करावी असं मला वाटलं. याचं कारण साधं आहे. हे आम्ल मराठी वाचकाला अनोळखी नाही, उलट जरा जास्तच ओळखीचं आहे. मुंगी चावली म्हणजे फॉर्मिक आम्ल, मधमाशी चावली म्हणजे तेच, झाडाची कुसं लागली तरी तेच, आणि सगळ्यांवर उतारा खाण्याचा सोडा, हे समीकरण सातवी-आठवीत डोक्यात बसतं ते आयुष्यभर हलत नाही. एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या नैसर्गिक आम्लांच्या तक्त्यात मुंगीचा दंश आणि नेटल या युरोपात उगवणाऱ्या खाजऱ्या झुडपाचा दंश, दोन्हींसमोर मेथॅनॉइक आम्ल असंच लिहिलेलं असतं. मेथॅनॉइक हे फॉर्मिक आम्लाचंच शास्त्रीय नाव. तक्ता पूर्ण खोटा नाही, पण फार आखूड आहे. या आम्लाबद्दल लिहायचं तर ते कुठे आहे याच्या बरोबरीने ते कुठे नाही हेही लिहावं लागतं. मुखेडसारख्या भागात तर या दुसऱ्या यादीवर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो.

आधी ते जिथे आहे तिथलं पाहू. मुंग्यांच्या कुळात अनेक उपकुळं आहेत. त्यांतल्या फॉर्मिसिनी या एका उपकुळाने नांगी टाकून दिली आणि तिच्या जागी पिचकारी घेतली. डोंगळा या उपकुळातला. कोकणात आंब्या-काजूवर पानं विणून घरटी करणारे नारिंगी हुमलेही त्यातलेच. गडचिरोलीत माडिया लोक याच मुंग्यांची चटणी करतात आणि ओडिशातल्या मयूरभंजच्या काई चटणीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या चटणीच्या आंबटपणात मोठा हात या आम्लाचा असतो. डोंगळ्याच्या पोटाच्या टोकाला एक बारीक गोल भोक असतं, भोवती केसांची झालर. आत विषाची थैली असते आणि तिला आतून कायटिनचं अस्तर, म्हणून स्वतःचंच आम्ल डोंगळ्याला भाजत नाही. थैलीतल्या द्रवात फॉर्मिक आम्लाचं प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. एवढं तीव्र आम्ल शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांच्या हाती कुणी देणार नाही. पण डोंगळ्याकडे ते थेंबाच्याही छोट्या अंशाएवढं असतं. आधी तो जबड्याने कातडी कातरतो, मग पोट पायांमधून पुढे वळवून त्या जखमेवर फवारा मारतो. आग होते ती या दोन कृती मिळून.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर कुंपणावरचा गोकर्ण पुरेसा आहे. निळी फुलं पांढऱ्या कागदावर चोळायची, कागद चांगला निळा झाला की सावलीत वाळवायचा. मग तो डोंगळ्यांच्या बिळाच्या तोंडाशी धरायचा आणि लांब काडीने त्यांना जरा डिवचायचं. पाच-सहा डोंगळे बाहेर येतात, मागच्या पायांवर उभे राहतात आणि पोट पुढे ताणतात. फवारा डोळ्यांना दिसत नाही, पण निळ्या कागदावर टाचणीच्या टोकाएवढे जांभळट-तांबडे ठिपके उमटतात. कागद नाकाजवळ नेला तर शिरक्यासारखा, पण त्याहून तिखट वास येतो. लाल मुंगीच्या बिळापाशी हाच कागद धरून पाहावा. मुंग्या त्यावर चढतात, चावायचा प्रयत्न करतात, रंग मात्र बदलत नाही. तालुक्यातल्या कुठल्याही शाळेला परवडेल असा हा प्रयोग आहे. तो पाठ्यपुस्तकात नाही, याचं मला नवल वाटतं.

युरोपात या आम्लाचा शोध लागला तो याच वाटेने. चिकोरीचं निळं फूल मुंग्यांच्या वारुळात टाकलं की तांबडं होतं, हे तिथल्या वनस्पती जाणणाऱ्यांना आधीपासून माहीत होतं. जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने १६७० च्या सुमारास लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठवलेल्या पत्रात ही गोष्ट आणि मुंग्यांचं ऊर्ध्वपातन करून शिरक्यासारखा आंबट अर्क निघतो ही दुसरी गोष्ट, दोन्ही नोंदवल्या. बर्लिनच्या आंद्रेआस मार्गग्राफने १७४९ मध्ये ते बऱ्यापैकी शुद्ध रूपात वेगळं केलं. त्यासाठी किती मुंग्या उकळल्या असतील याचा विचार न केलेला बरा. पुढे १८५५ मध्ये फ्रान्समध्ये बर्थेलोने कार्बन मोनॉक्साइड आणि दाहक पोटॅश यांच्यापासून ते बनवलं आणि मुंग्यांची सुटका झाली. आजही कारखान्यात कच्चा माल म्हणून कार्बन मोनॉक्साइडच असतो. तो मेथॅनॉलशी जोडून मेथिल फॉर्मेट करतात आणि पाण्याने त्याचं विघटन करून आम्ल मिळवतात. आपल्या देशात भरूचच्या गुजरात नर्मदा व्हॅली फर्टिलायझर्समध्ये हे आम्ल तयार होतं.

आता जिथे ते नाही त्या यादीकडे. मधमाशीच्या विषात सुक्या वजनाने निम्म्याच्या आसपास मेलिटिन नावाचं पेप्टाइड असतं, शिवाय पेशींची पटलं फोडणारी फॉस्फोलायपेजसारखी एन्झाइमं. वेदना आणि सूज त्यांची. आग्या मोहोळ उठतं तेव्हा माणूस दगावतो तो विषाच्या एकूण मात्रेने किंवा तीव्र ॲलर्जीने. आम्लाचा त्यात संबंध नाही. नांगी लागल्या जागेवर सोडा चोळून काही होत नाही, कारण विष कातडीच्या खाली गेलेलं असतं आणि सोडा वरच राहतो. काटा रुतला असेल तर तो जितक्या लवकर निघेल तितकं बरं. खरवडून काढला की चिमटीने, हा वाद दुय्यम आहे. चुना लावण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. चुन्याने कातडी भाजते, मग भाजल्याच्या वेदनेपुढे डंखाची वेदना कमी वाटते आणि उतारा पडला असं माणूस समजतो. खाजकुइलीचंही तसंच. शेंगेवरच्या सोनेरी कुसांत प्रथिनं तोडणारं म्युक्युनेन नावाचं एन्झाइम असतं, खाज सुटते ती त्याने. एवढंच काय, ज्या युरोपीय नेटलला आपल्या तक्त्यात जागा मिळाली त्याच्या केसांतही हिस्टामिन, ॲसिटिलकोलिन आणि सेरोटोनिन हे मुख्य गुन्हेगार ठरले आहेत. फॉर्मिक आम्ल तिथे आहे, पण अगदी थोडं.

विंचू आणि साप यांच्याबाबतीत तर आम्ल-अल्कलीचा विचार मनात आणणंही धोक्याचं. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंवर काम करतं. चेतातंतूंच्या पटलातली सोडियमची दारं ते उघडी ठेवतं आणि शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोंढा येतो. हातपाय गार पडतात, घाम सुटतो, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर महाडला काम करत असताना १९८० च्या दशकात त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचं औषध या रुग्णांना देऊन पाहिलं आणि विंचूदंशाच्या मृत्यूंचं चित्र पालटलं. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं काम छापून आलं, २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. खुद्द मुखेडमध्ये डॉ. दिलीप पुंडे यांनी तालुक्याच्या गावी राहून सर्पदंश आणि विंचूदंशाच्या रुग्णांवर उपचार केले आणि या आडबाजूच्या गावाचं नाव वैद्यकीय परिषदांपर्यंत नेलं. त्यांच्यासारख्या डॉक्टरांचं निम्मं काम रुग्ण दवाखान्यात पोचायच्या आधी वाया गेलेल्या वेळाशी झगडण्याचं असतं. चिंचोका घासून चिकटवणं, परमँगनेटचे दाणे आणि लिंबूसत्व जखमेवर फसफसवणं, कांदा, तुरटी, चुना, आणि शेवटी मांत्रिक. शिकलेल्या घरातही परमँगनेटची पुडी सापडते, कारण तिथे रसायन आहे, धूर येतो, काहीतरी घडताना दिसतं. वर्गात शिकवलेलं अर्धवट आम्ल-अल्कली या पुडीला शास्त्राचा आधार देतं. ते मला सगळ्यात खटकतं.

डोंगळ्याकडे परत येतो, कारण तो हे आम्ल फक्त शत्रूवर उडवत नाही. गेल्या काही वर्षांत मुंग्यांवर झालेलं संशोधन वाचताना मला सगळ्यात गंमत वाटली ती या भागाची. फॉर्मिसिनी मुंग्या जेवल्यानंतर पोटाच्या टोकाला तोंड लावतात आणि आपलंच थोडं आम्ल गिळतात. त्याने अन्नाच्या पिशवीतले जंतू मरतात, आणि ज्यांना तसं करू दिलं नाही त्या मुंग्या दूषित अन्नाने जास्त मरतात, हे दाखवणारे, डोंगळ्याच्याच कॅम्पोनोटस प्रजातीतल्या मुंग्यांवरचे प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. काही जाती बुरशी लागलेल्या कोषांना फाडून आत आम्ल ओततात, म्हणजे लागण वसाहतीत पसरण्याआधी संपते. युरोपातल्या रानमुंग्या घरट्यात झाडांचा डिंक आणून ठेवतात आणि त्यावर आम्ल शिंपडतात. दोन्ही मिळून बुरशीवर जास्त चालतात. अमेरिकेत दक्षिणेकडून शिरलेली एक पिंगट मुंगी आग्या मुंगीच्या विषात न्हाऊन निघाली तरी मरत नाही, कारण ती लगेच स्वतःच्या अंगभर फॉर्मिक आम्ल चोळून घेते. डोंगळ्याची सोयरी आमच्या लाल मुंगीच्या सोयरीला अशी पुरून उरते, हे २०१४ साली सिद्ध झालं.

पक्ष्यांनाही हे कळलेलं दिसतं. कावळे, मैना यांसारखे पक्षी मुंग्यांच्या वारुळावर पंख पसरून बसतात किंवा चोचीत मुंगी धरून पिसांवर फिरवतात. पिसांतल्या उवा-गोचिडांवर हा उपाय असावा का, असा प्रश्न सालिम अलींनी १९३६ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडला होता. प्रश्न आजही पूर्ण सुटलेला नाही. काही अभ्यासक म्हणतात, आम्ल बाहेर काढून टाकलं की मुंगी खाण्याजोगी होते, पक्ष्याला हवं असतं ते एवढंच. कोणत्याही बाजूने पाहिलं तरी पक्षी मुंगी निवडतो ती बहुतेक वेळा फवारा मारणारी, डसणारी नव्हे.

गुणधर्मांसाठी पुढे स्वतंत्र प्रकरण आहे, इथे दोन-चार खुणा पुरेत. कार्बोक्झिलिक आम्लांच्या घराण्यातलं हे सर्वांत धाकटं: एकच कार्बन, दोन ऑक्सिजन, दोन हायड्रोजन. रेणुभार ४६. शिरक्यातल्या ॲसेटिक आम्लाच्या साधारण दहापट तीव्र, कारण त्याचा पीकेए (हा आकडा जितका लहान तितकं आम्ल तीव्र) ३.७५ आहे तर ॲसेटिकचा ४.७६. उकळतं १००.८ अंशांना, म्हणजे पाण्याच्या अगदी शेजारी, म्हणून साध्या ऊर्ध्वपातनाने पाण्यापासून पूर्ण वेगळं होत नाही. गोठतं ८.४ अंशांना. परभणी-नांदेड पट्ट्यात डिसेंबरातल्या कडाक्याच्या थंडीत पारा याच्या खाली उतरतो, तेव्हा उघड्या शेडमध्ये ठेवलेल्या शुद्ध आम्लाच्या बाटलीत पहाटे स्फटिक दिसले तर आम्ल खराब झालं असं समजू नये. त्याच्या रेणूची एक बाजू आम्लाची आणि दुसरी अल्डिहाइडची आहे. म्हणून ते अमोनिया मिसळलेल्या सिल्व्हर नायट्रेटमधून चांदी खाली बसवतं आणि परमँगनेटचा जांभळा रंग घालवतं. ॲसेटिक आम्लाला या दोन्ही गोष्टी साधत नाहीत. बी.एस्सी.च्या प्रात्यक्षिकात दोन बाटल्यांवरची चिठ्ठी निघालेली असेल तर हीच कसोटी उपयोगी पडते. तीव्र सल्फ्युरिक आम्लाने त्याचं पाणी काढून घेतलं तर कार्बन मोनॉक्साइड उरतो. प्रयोगशाळेत तो वायू करायची ही जुनी रीत, आणि वायुवीजन नसलेल्या खोलीत करू नये अशीही.

या आम्लाचा माणसाशी सगळ्यात भयंकर संबंध मुंगीमार्फत येत नाही, दारूमार्फत येतो. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत गावठी दारू पिऊन शंभराहून जास्त माणसं मेली. त्या दारूत मेथॅनॉल होतं. मेथॅनॉल स्वतः फारसं विषारी नाही, पिणाऱ्याला पहिल्या काही तासांत ते साध्या दारूसारखंच चढतं. पण यकृत त्याचं आधी फॉर्मल्डिहाइड करतं आणि मग फॉर्मिक आम्ल. ते पेशींच्या श्वसनाच्या शेवटच्या पायरीवर बसतं, पेशींना ऑक्सिजन असूनही वापरता येत नाही. डोळ्यांच्या नसांना त्याचा फटका आधी बसतो. रुग्ण म्हणतो, समोर धुकं दिसतं, पांढरं पांढरं दिसतं. हे बऱ्याचदा पिण्यानंतर बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं, आणि तोवर बरोबर प्यायलेल्या माणसांची पांगापांग झालेली असते.

याच्या उपचारामागचं शास्त्र मला या सगळ्या विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. यकृतातलं जे एन्झाइम मेथॅनॉलचं रूपांतर सुरू करतं, त्याला साधं इथॅनॉल जास्त आवडतं. म्हणून डॉक्टर मोजून-मापून इथॅनॉल देतात, किंवा फोमेपिझोल हे महाग औषध, आणि एन्झाइमला दुसरीकडे गुंतवून ठेवतात. तेवढ्यात मेथॅनॉल डायलिसिसने बाहेर काढता येतं. आणि तयार झालेलं फॉर्मिक आम्ल? ते मोडण्यासाठी यकृताला फोलेट लागतं, म्हणजे पालेभाज्यांत असतं ते जीवनसत्त्व. माणसात आणि माकडात या कामाला लागणारं फोलेट कमी पडतं. उंदरात ते भरपूर असतं, म्हणून मेथॅनॉलने उंदीर आंधळा होत नाही. यासाठी रुग्णाला फॉलिनिक आम्ल देतात. इकडे डोंगळा काय करतो? सेरीन आणि ग्लायसीन या अमिनो आम्लांतून एकेक कार्बन सोडवून घेतो आणि फोलेटच्याच वाटेने त्याचं फॉर्मिक आम्ल बनवून थैलीत साठवतो. ज्या रस्त्याने मुंगी हे विष तयार करते त्याच रस्त्याने आपलं यकृत ते निस्तरतं. मेथॅनॉलचा रुग्ण हाताळताना डॉक्टर सलाइनमधून फोलेट सोडतात तेव्हा त्या रस्त्यावरची वाहतूक मोकळी करत असतात.

उपयोगांकडे वळताना मुखेडच्या शेतकऱ्याच्या कामाचा भाग आधी घेतो. कंधार, मुखेड, नांदेड, बिलोली हा लाल कंधारी गाईचा मूळ टापू आणि पलीकडे उदगीरच्या बाजूला देवणी. दुष्काळाच्या वर्षी या जनावरांचं काय होतं हे चारा छावण्यांनी पुरेसं दाखवलं आहे. म्हणून गेल्या काही वर्षांत मुरघासाकडे लोक वळले. हिरवा मका चिकात असताना कापायचा, कुट्टी करायची, बॅगेत किंवा खड्ड्यात दाबून हवा काढायची आणि दीड महिना तोंड बंद ठेवायचं. आतले जिवाणू साखरेचं लॅक्टिक आम्ल करतात आणि चारा टिकतो. यात फॉर्मिक आम्ल कुठे येतं? फिनलंडमध्ये. तिथलं गवत ओलं, साखर कमी, उन्हाळा लहान. आर्तुरी विर्तानेन यांनी चाऱ्यावर खनिज आम्लं शिंपून तो टिकवण्याची पद्धत काढली आणि १९४५ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांच्या चारा टिकवण्याच्या कामासाठी मिळालं. पुढे त्या तीव्र खनिज आम्लांची जागा फॉर्मिक आम्लाने घेतली. टनाला साधारण तीन ते पाच लिटर आम्लाने कुजवणारे क्लोस्ट्रिडियम जिवाणू दबतात आणि ब्युटिरिक आम्लाची घाण सुटत नाही.

मग आपणही घालावं का? मक्याच्या मुरघासाला माझ्या मते नाही. मक्यात साखर भरपूर असते, ओलावा सत्तर टक्क्यांच्या आत ठेवला आणि दाब नीट दिला तर आम्ल विकत घेऊन ओतायची गरजच नाही. ते विकणारे येतील, कारण विकायला काहीतरी लागतं. लसूणघास किंवा बरसीमसारख्या प्रथिनं जास्त असलेल्या चाऱ्याचा मुरघास करायचा असेल, किंवा कापणीला पावसाने गाठलं असेल, तर मात्र आम्लाला अर्थ आहे. सोयाबीनची गुळी आणि कडबा यांना त्याचा काही उपयोग नाही, तो वाळलेला चारा आहे.

मधपेटीतला उपयोग वेगळ्या अडचणीचा. मेलिफेरा मधमाशीवर व्हॅरोआ नावाचा कोळीवर्गातला बारीक तांबडा जीव बसतो आणि झाकलेल्या घरांत पिल्लांवर वाढतो. आपली सातेरी माशी त्याची मूळ यजमान. शतकानुशतकांच्या सहवासात तिने त्याला आवरायला शिकून घेतलं, बाहेरून आलेल्या मेलिफेराला ते जमत नाही. फॉर्मिक आम्लाची वाफ मेणाच्या झाकणातून आत शिरते आणि आतल्या व्हॅरोआलाही मारते, हे बाकीच्या औषधांना सहसा जमत नाही. आणि मधात शिल्लक राहिलं तरी ते मधात मुळातच थोडं असतं. पण हे गणित थंड देशातलं. उत्पादकच तीस अंशांच्या खालची हवा सांगतात. एकेकाळी मराठवाड्यात सूर्यफुलाचं मोठं क्षेत्र होतं आणि परागीभवनासाठी पेट्या लावायची चर्चा अजूनही होते. इथल्या मार्च-एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि पेटीत ठेवलेली आम्लाची वातीची बाटली अर्ध्या दिवसात रिकामी होते. वाफेचा एकदम भपका उठला तर राणी मरते, पिल्लं मरतात आणि व्हॅरोआचा प्रश्न पेटीसकट मिटतो. इकडे करायचंच तर थंडीत.

रबराचं काम सिंधुदुर्गात दोडामार्गकडे पाहायला मिळतं. झाडाला चीर देऊन गोळा केलेला चीक ट्रेमध्ये ओततात आणि त्यात पाणी घालून पातळ केलेलं फॉर्मिक आम्ल मिसळतात. लिंबू पिळल्यावर दूध नासतं तसा तो चीक जमतो, कारण कणांभोवतीच्या प्रथिनांवरचा विद्युतभार आम्लाने नाहीसा होतो. दुसऱ्या दिवशी पांढरी लादी निघते, ती लाटून धुरावर वाळवतात. सल्फ्युरिक आम्ल स्वस्त पडतं पण रबरात राहून ते बिघडवतं. फॉर्मिक आम्ल उडून जातं. हा एकच गुण त्याला कितीतरी ठिकाणी कामाला लावतो. कापड रंगवताना लोकर आणि नायलॉनच्या हौदात, चामड्याच्या कारखान्यात कातडं आंबवण्याच्या टप्प्यावर आणि शेवटी रंग पक्का करायला, औषध कंपन्यांच्या पृथक्करण यंत्रांत वाहक द्रवात हजारात एक भाग. सगळीकडे अपेक्षा एकच: काम झालं की निघून जावं. तरवडाच्या सालीने कातडं कमावणाऱ्या जुन्या कारागिरांना या आम्लाची गरज नव्हती. क्रोम कमावणी आली तेव्हा ते आलं.

कोंबड्यांच्या पाण्यात आणि खाद्यातही ते जातं, साल्मोनेला दाबायला. युरोपात २००६ पासून वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविकं घालायला बंदी आली आणि या साध्या आम्लाची मागणी वाढली. आपल्याकडच्या पोल्ट्रीवाल्यांनाही ते कॅल्शियम किंवा अमोनियम फॉर्मेटच्या नावाने ठाऊक आहे.

पुढची दोन क्षेत्रं अजून तयार होत आहेत. फॉर्मिक आम्ल योग्य उत्प्रेरकावर मोडलं की हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड मिळतात, आणि एका लिटर आम्लात ५३ ग्रॅम हायड्रोजन बांधलेला असतो, तोही दाबाच्या टाकीविना. उलट बाजूने कार्बन डायऑक्साइडवर वीज खर्चून फॉर्मिक आम्ल बनवता येतं. सौर वीज स्वस्त असलेल्या प्रदेशाने याकडे लक्ष ठेवावं. दुसरं क्षेत्र आकाशाचं. आपल्या आकाशगंगेच्या मध्याजवळच्या धनू बी-२ या वायूच्या ढगात १९७१ मध्ये रेडिओ दुर्बिणीने फॉर्मिक आम्लाची रेषा पकडली गेली. पावसाच्या पाण्यातही ते असतं, आणि त्यातलं बरंचसं जंगलांनी सोडलेल्या वाफांपासून हवेत तयार होतं असं उपग्रहांच्या मोजणीवरून दिसतं. त्यावरचं प्रकरण शेवटी आहे.

एक गोष्ट मात्र सगळ्या प्रकरणांच्या आधी वाचावी. बाजारात मिळतं ते बहुधा ८५ टक्क्यांचं, निळ्या किंवा पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये. लोखंडी डब्यात ते ठेवू नये. त्याहून तीव्र आम्ल बंद बाटलीत पडून राहिलं तर हळूहळू मोडतं, कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि दाब वाढतो, म्हणून झाकण तोंडापासून लांब धरून, उघड्यावर, सावकाश सैल करावं. पातळ करताना आम्ल पाण्यात ओतावं, पाणी आम्लात नाही. हातावर सांडलं तर काही मिनिटांत फोड येतो. सोडा किंवा चुना शोधत बसू नये, वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं हात धरावा, अंगावरचे भिजलेले कपडे काढावेत, आणि डोळ्यात गेलं असेल तर पापण्या उघड्या धरून तेच करत दवाखाना गाठावा.